गेफी: संस्थांचं जाळं मोजणारं फुकट सॉफ्टवेअर, आणि त्याआधी भरायची शीट

जिल्ह्यातल्या पंचवीस-तीस संस्थांची समन्वय समिती असली की वार्षिक अहवालात एक चित्र हमखास येतं. मधे निमंत्रक संस्था, भोवती बाकीच्यांचे गोल, आणि सगळ्या रेघा मध्याकडे. पॉवरपॉइंटमध्ये हाताने काढलेल्या त्या चित्रातून कळत काहीच नाही. कोण कोणाकडे केस पाठवतं, कोणत्या तालुक्यातली संस्था बाकीच्यांपासून तुटलेली आहे, निमंत्रक संस्थेचा निधी आटला तर किती जणांचा एकमेकांशी संपर्क उरेल, हे मोजून काढायचं असेल तर फुकट साधनांत गेफी सगळ्यात भक्कम आहे. सोपं मात्र नाही. देवनागरीशी त्याचं पटत नाही, आणि त्यातून निघणाऱ्या रंगीत नकाशापेक्षा मागचा तक्ता जास्त कामाचा असतो, हे बहुतेकांना उशिरा कळतं.

फ्रान्समधल्या कॉम्पिएन्यच्या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. ०.१० ही आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि जावा आता सोबतच येतं, वेगळं टाकावं लागत नाही. संस्थांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा हा की माहिती तुमच्याच मशीनवर राहते. हिंसाचारग्रस्त महिलांसाठी, एचआयव्हीबाधितांसाठी किंवा वेठबिगारीच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांना ही गोष्ट किमतीपेक्षा महत्त्वाची वाटेल. इंटरफेस मराठीत नाही, हिंदीतही नाही. लॅपटॉप जुना असेल तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा, नाहीतर मुख्य खिडकी कोरीच राहू शकते.

आधी शीट

गेफीला दोन शीट लागतात. एक नोड्सची, म्हणजे प्रत्येक ओळीत एक संस्था किंवा व्यक्ती. दुसरी एजेसची, म्हणजे प्रत्येक ओळीत एक संबंध. पहिलीत ‘आयडी’ (Id) आणि ‘लेबल’ (Label), दुसरीत ‘सोर्स’ (Source, रेघ कुठून), ‘टार्गेट’ (Target, कुठे), ‘टाइप’ (Type, रेघेला दिशा आहे की नाही), ‘वेट’ (Weight, रेघेचं वजन) हे रकाने हवेत. हे मथळे रोमन लिपीत आणि स्पेलिंग न चुकता लिहायचे. तालुका, विषय, स्थापना वर्ष असे बाकीचे मथळे मराठीत चालतात.

आयडी म्हणून संस्थेचं नाव कधीही घेऊ नका. एकच संस्था एकाच्या उत्तरात ‘ग्रामविकास मंडळ’, दुसऱ्याच्या उत्तरात ‘ग्राम विकास मंडळ’ आणि तिसऱ्याच्या ‘ग्रा. वि. मंडळ’ म्हणून येते, आणि गेफीच्या लेखी त्या तीन संस्था होतात. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली एक स्पेससुद्धा नवा नोड जन्माला घालते. नोंदणी क्रमांक घ्यावा म्हटलं तर महाराष्ट्रात वेगळीच गंमत आहे. इथल्या असंख्य संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. त्यांचे क्रमांक दोन, आणि अर्ज भरणारा कर्मचारी समोर जो कागद असेल त्यावरचा टाकतो. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक बरा, पण लहान मंडळांकडे आणि बचत गटांकडे तो नसतो. तेव्हा स्वतःचा साधा संकेतांक बनवा: एस-१०१, एस-१०२ असा. नुसते ००१, ००२ ठेवले तर एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं आणि दोन शीट एकमेकींशी जुळत नाहीत. दर्पण, पॅन, धर्मादाय आयुक्तांकडचा क्रमांक हे सगळे वेगळ्या रकान्यात राहू द्या.

नावांची सफाई हाताने करायची नसेल तर ओपनरिफाइन वापरा, तेही फुकट आहे. त्यातल्या उच्चारावर चालणाऱ्या पद्धती रोमन लिपीसाठी बनल्या आहेत, देवनागरीत त्यांचा उपयोग नाही. लेव्हनश्टाइन अंतराची पद्धत (किती अक्षरं बदलली की एक नाव दुसरं होतं, हे मोजणारी) निवडा आणि सुचवलेली प्रत्येक जोडी डोळ्यांखालून घाला, कारण ‘महिला मंडळ, कळंब’ आणि ‘महिला मंडळ, कळंबा’ यांना ती खुशाल एक करायला निघते.

शीट साठवताना एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडायचा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत.

प्रश्नावली

कामाचा कस इथे लागतो, सॉफ्टवेअरमध्ये नाही. ‘तुम्ही कोणाकोणासोबत काम करता?’ असा मोकळा प्रश्न टाकला तर लोकांना शेवटच्या बैठकीत भेटलेले चार जण आठवतात. सगळ्या संस्थांची छापील यादी द्या आणि नावापुढे खूण करायला सांगा. पण यादी दिली की प्रश्न कमी हवेत. २८ संस्था असतील तर प्रत्येकीसमोर २७ नावं, आणि चार प्रश्न विचारले तर १०८ चौकोन. तिसऱ्या पानावर कार्यकर्ता सरसकट खुणा करत सुटतो. दोनच प्रश्न ठेवा. एक वर्तनाचा: ‘गेल्या सहा महिन्यांत या संस्थेकडे किती व्यक्ती पाठवल्या? शून्य, एक ते पाच, की पाचाहून जास्त?’ दुसरा माहितीचा किंवा भरवशाचा, तुमच्या गरजेप्रमाणे. ‘संबंध कसे आहेत?’ हा प्रश्न मात्र टाकूच नका. कागदावर सगळ्यांचे सगळ्यांशी उत्तमच असतात.

उत्तर न देणाऱ्यांचा हिशेब आधीच करून ठेवावा. २८ संस्थांमध्ये ३७८ जोड्या होतात. सहा संस्थांनी अर्ज भरला नाही, तर दोन्ही बाजूंनी उत्तर मिळालेल्या जोड्या उरतात २३१. १३२ जोड्यांबद्दल एकाच बाजूचं म्हणणं हाती असतं आणि १५ जोड्यांबद्दल काहीच नाही. म्हणजे २८ पैकी २२ उत्तरं ऐकायला बरी वाटली तरी पडताळता येण्याजोगं चित्र ६१ टक्केच असतं. शिवाय गप्प राहिलेली संस्था नकाशावर कडेला दिसते आणि ‘ही निष्क्रिय आहे’ असा निष्कर्ष बैठकीत कोणीतरी काढतंच. न भरलेल्यांना नोड्सच्या शीटमध्ये ‘उत्तर’ असा रकाना करून ‘नाही’ लिहा आणि नकाशात करडा रंग द्या. मध्यस्थपणाचं माप, म्हणजे इतरांना जोडणाऱ्या किती वाटा एका संस्थेतून जातात, ज्याला गेफीत ‘बिट्वीननेस’ म्हणतात, ते चार-दोन रेघा गळाल्या तरी उलटंपालटं होतं. त्यामानाने नुसती रेघांची संख्या, म्हणजे ‘डिग्री’, जास्त टिकाऊ.

आयात करताना

फाइल मेन्यूतून आधी नोड्सची शीट घ्या, मग एजेसची. दुसरी घेताना शेवटच्या खिडकीत गेफी नवं वर्कस्पेस, म्हणजे कामाचं वेगळं कोरं पान, सुचवतं. तिथे ‘अपेंड टू एक्झिस्टिंग वर्कस्पेस’ निवडलं नाही तर नावं एका ठिकाणी आणि रेघा दुसऱ्या ठिकाणी राहतात. नवख्यांचा पहिला तास यातच जातो. त्याच टप्प्यावर ‘क्रिएट मिसिंग नोड्स’ ही खूण काढून टाका. ती असली तर एजेसच्या शीटमधला चुकलेला संकेतांकही गेफी मुकाट्याने नवीन संस्था म्हणून उभा करतं. २८ च्या जागी ३१ नोड दिसले तर चूक इथे शोधा.

एकाच जोडीच्या अनेक ओळी असतील, उदाहरणार्थ दर महिन्याच्या रेफरलची, म्हणजे पाठवलेल्या केसची, एकेक, तर त्या एकत्र करताना बेरीज करायची की सरासरी, हेही आयातीच्या वेळीच विचारलं जातं. रेफरलसाठी बेरीज. एक ते पाच अशा विश्वासाच्या गुणांकनाला सरासरी. उलट केलंत तर कुठेही एररचा संदेश येत नाही, आकडे तेवढे निरर्थक होतात.

मोजणी

वर तीन टॅब आहेत: ओव्हरव्ह्यू (नकाशा), डेटा लॅबोरेटरी (मागचा तक्ता) आणि प्रीव्ह्यू (छापण्याजोगं चित्र). सगळे ओव्हरव्ह्यूत रमतात, कारण तिथे गोल हलतात. जोडलेले गोल जवळ आणणारी फोर्सअॅटलस२ ही मांडणी चालवा, गोल एकमेकांवर चढू नयेत म्हणून ‘प्रिव्हेंट ओव्हरलॅप’ला शेवटी खूण करा, आणि ‘स्टॉप’ दाबायला विसरू नका. ती आपणहून थांबत नाही. या मांडणीत वर-खाली किंवा डावं-उजवं याला काहीही अर्थ नसतो. पुन्हा चालवली तर नकाशा फिरून भलतीकडे तोंड करून बसेल. विश्वस्तांपुढे ठेवताना हे तोंडी सांगावं लागतं, नाहीतर ‘आपली संस्था खाली का?’ यावर अर्धा तास जातो.

उजवीकडच्या स्टॅटिस्टिक्समधली चार मापं पुरतात. ‘अॅव्हरेज डिग्री’ने प्रत्येकाकडे येणाऱ्या आणि जाणाऱ्या रेघा मिळतात. ‘नेटवर्क डायमीटर’ चालवलं की बिट्वीननेसचा रकाना तयार होतो. तिथली नॉर्मलाइज करण्याची खूण करा, म्हणजे पुढच्या वर्षी संस्थांची संख्या बदलली तरी तुलना करता येईल. हे माप रेघेचं वजन धरत नाही, वर्षात एक केस पाठवणारा आणि पन्नास पाठवणारा त्याला सारखेच. म्हणून आधी फिल्टर लावून किरकोळ रेघा बाजूला काढाव्यात. ‘मॉड्युलॅरिटी’ गट पाडून देते. तिथला रेझोल्यूशनचा आकडा १ च्या खाली नेला की गट लहान आणि जास्त, वर नेला की मोठे आणि थोडे. तीस नोडच्या जाळ्यात हे माप चार वेळा चालवून पाहा. दर वेळी गटांचे सभासद बदलत असतील तर अहवालात त्या गटांना नावं देऊ नका.

चौथं माप सगळ्यात साधं आणि बहुतेक कोणी न वापरलेलं. वर्कस्पेसची नक्कल करा, नकलेतून निमंत्रक संस्थेची ओळ डेटा लॅबोरेटरीत पुसून टाका, आणि ‘कनेक्टेड कंपोनंट्स’ चालवा. जाळ्याचे किती तुकडे झाले आणि कोणत्या तुकड्यात कोण राहिलं, हे रकान्यातच दिसतं. अकरा तुकडे पडले आणि त्यातले नऊ एकेकटे असतील, तर तुमच्याकडे समन्वय समिती नाही, एका कार्यालयाची संपर्कयादी आहे. अमेरिकेत अॅपलॅचियन ओहायोमधल्या छोट्या व्यवसायांच्या जाळ्यावर काम करणारे व्हाल्डिस क्रेब्स आणि जून हॉली यांनी जाळ्यांच्या वाढीचे चार टप्पे मांडले आहेत: विखुरलेले तुकडे, एका केंद्राभोवतीचं चाक, अनेक केंद्रं, आणि शेवटी घट्ट गाभा व सैल कडा. आपल्याकडच्या बहुतेक जिल्हा समित्या दुसऱ्या टप्प्यावर येऊन थांबतात. प्रकल्प आणणारा, बैठक बोलावणारा आणि अहवाल लिहिणारा एकच, आणि देणगीदारालाही तेच सोयीचं. पुढे जायचं तर निमंत्रकाने दोन संस्थांची ओळख करून देऊन मधून बाजूला व्हायला हवं. कोणत्या दोन, हे या तुकड्यांच्या यादीवरून ठरतं: वेगवेगळ्या तुकड्यांतल्या, पण विषय किंवा तालुका एक असलेल्या.

बैठकीत नेण्याजोगी वस्तूही हीच. डेटा लॅबोरेटरीतला तक्ता निर्यात करा, तालुक्याप्रमाणे लावा, चार रकाने ठेवा, एका पानावर छापा. रंगीत नकाशावर लोक आपापलं नाव शोधतात आणि थांबतात. तक्त्यावर ते वाद घालतात, आणि अशा वादातून निम्म्या चुकीच्या नोंदी दुरुस्त होऊन निघतात.

पैशाच्या रेघा वेगळ्या ठेवा

कोणाचा निधी कोणाकडे जातो हे दाखवायचं असेल तर रेफरलच्या जाळ्यात ते मिसळू नका, आणि वर्षंही मिसळू नका. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी योगदान नियमन कायद्याखाली मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करता येत नाही. मोठ्या संस्थेकडून लहानांकडे जाणाऱ्या कितीतरी रेघा त्या वर्षी पुसल्या गेल्या. २०१८ ते २०२३ असा एकत्र नकाशा काढला तर त्यात आज कायद्याने शक्य नसलेले संबंध ठळक दिसतील. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा वेगळ्या प्रकारात लिहा. तिथे एप्रिल २०२१ पासून अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते, त्यामुळे कोणत्या संस्था थेट निधी घेऊ शकतात हा रकाना नोड्सच्या शीटमध्ये घालणं फायद्याचं. नोंदणी नसलेली, पण मध्यस्थपणाचं माप मोठं असलेली संस्था सापडली तर तिचे कागद पूर्ण करून देणं हे समितीचं पहिलं काम.

जिथे गेफी त्रास देतं

‘अनडू’ नाही. ओळ पुसली की गेली. प्रत्येक मोठ्या बदलाआधी फाइल नव्या नावाने साठवणं हाच उपाय.

देवनागरी लेबलं पहिल्यांदा चौकोन म्हणून दिसतील. खालच्या पट्टीतून फाँट बदलून मंगल, निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी करा. तरीही जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या जागेवर राहतील याचा भरवसा नाही, पीडीएफमध्ये तर नाहीच. छापायचं असेल तर प्रीव्ह्यूतून एसव्हीजी प्रकारची चित्रफाइल काढा आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तिथे मजकूर मजकूर म्हणूनच येतो आणि अक्षरं नीट बसतात. एवढा खटाटोप नको असेल तर नकाशावर संकेतांक ठेवून शेजारी मराठी यादी द्यावी. सभागृहात मागच्या रांगेतून ती लेबलं तशीही वाचता येत नाहीत.

प्लगइन, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, बरीच आहेत, पण जुनी सगळी नव्या आवृत्तीत चालतीलच असं नाही. कार्यकर्ते आणि समित्या अशी दुहेरी माहिती असेल (कोण कोणत्या समितीवर आहे), तर तिचं एकेरी जाळं करणारं ‘मल्टिमोड नेटवर्क्स ट्रान्सफॉर्मेशन’ हे प्लगइन उपयोगी. ते बसलं नाही तर हेच काम एक्सेलच्या पिव्होटमध्ये वेळ काढून होतं.

हात बसवण्यासाठी आपल्या संस्थेची अर्धवट माहिती घेऊ नका. अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्तेर डुफ्लो आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी कर्नाटकातल्या ७५ गावांची जाळी नोंदवून सूक्ष्मवित्ताचा, म्हणजे लहान कर्जांच्या योजनेचा, प्रसार अभ्यासला. २०१३ मध्ये तो ‘सायन्स’मध्ये आला आणि त्याची माहिती हार्वर्ड डेटाव्हर्सवर खुली आहे. कोण कोणाकडे रॉकेल-तांदूळ उसने मागतं, सल्ला कोणाचा घेतं, देवळात कोणासोबत जातं, अशा वेगवेगळ्या संबंधांचे तक्ते गावागणिक मिळतात. कोणतंही एक गाव घ्या. तक्ते चौकोनी आहेत, त्यांना पहिली ओळ आणि पहिला रकाना संकेतांकांचा जोडावा लागतो, एवढं लक्षात ठेवा. कर्ज योजनेची बातमी ज्यांना आधी दिली ती माणसं जाळ्यात जितकी मध्यवर्ती, तितका सहभाग जास्त, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष गावपातळीवरच्या कोणत्याही संस्थेला थेट लागू पडण्यासारखा आहे. मेळाव्याचं निमंत्रण सरपंचाला द्यायचं की आणखी कोणाला, याचा विचार त्यावरून सुरू होतो.

पर्याय

कुमू हे ब्राउझरमध्ये चालतं, गूगल शीटशी जोडता येतं, दिसायला देखणं आहे, आणि सभासदांना लिंक पाठवली की ते स्वतः क्लिक करून पाहू शकतात. पण फुकट खात्यातला प्रकल्प सार्वजनिक असतो, तो कोणीही उघडू शकतं. व्यक्तींची नावं, आश्रयगृहं किंवा भरवशाचे गुण त्यात टाकणं म्हणजे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याशी आणि त्याहून आधी आपल्याच माणसांशी खेळ. संस्थांची नावं, तालुका आणि विषय एवढंच दाखवायचं असेल तर कुमू चांगलं. गेफी लाइट ही गेफीची ब्राउझरमधली धाकटी आवृत्ती. इन्स्टॉल करायची परवानगी नसलेल्या कार्यालयीन मशीनवर तिने काम भागतं. आर किंवा पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा माणूस हाताशी असेल तर मोजणी तिथेच करावी, कारण तिथे प्रत्येक पायरी लिहिलेली राहते. गेफीत कोणती बटणं कोणत्या क्रमाने दाबली याची नोंद वहीतच ठेवावी लागते.

दुसऱ्या वर्षी

एकदाच काढलेल्या नकाशाचा उपयोग मर्यादित. वर्षाने तेच दोन प्रश्न, त्याच शब्दांत, जमल्यास त्याच महिन्यात विचारा. पावसाळ्यात घेतलेली उत्तरं आणि मार्चअखेरीची उत्तरं यांची तुलना होत नाही. संकेतांक बदलू नका, बंद पडलेल्या संस्थेचा क्रमांक नव्या संस्थेला देऊ नका. मागच्या वर्षीची फाइल उघडून एजेस तेवढे पुसा आणि नवे आयात करा, म्हणजे गोल जुन्या जागी राहतात आणि कोणती रेघ नवी, कोणती गेली हे शेजारी-शेजारी दिसतं. मांडणी मात्र पुन्हा चालवायची नाही. नव्याने आलेल्या संस्थांचे गोल हाताने ओढून आपापल्या तालुक्यातल्यांजवळ ठेवायचे.